पंपापर्यंत आलेला करंट

मामा गेल्याचा फोन आला तेव्हा आम्ही पांढरकवड्यात होतो. मुकुटबनच्या अलीकडे त्यांचं गाव. तिकडे माती थांबवून ठेवली होती. सख्खी बहीण आल्याशिवाय भावाला उचलत नाहीत, ही आमच्याकडची रीत. पण दिवस मावळायच्या आत उचलावंच लागतं. मायला माझ्या गाडीत बसवलं आणि निघालो.

जंगलातल्या रस्त्यावर गाडी आचके देऊन बंद पडली. सेल्फ मारला की इंजिन फिरायचं, पेट घ्यायचं नाही. चावी फिरवली की मागच्या सीटखालून टाकीतल्या पेट्रोल पंपाचा बारीक घूं ऐकू येतो, तो आला नाही. मी इलेक्ट्रिकल इंजिनीअर आहे. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर, आणि हे सांगायला मी कधी लाजलो नाही. फ्यूज काढून पाहिला, शाबूत. हॉर्नचा रिले काढून पंपाच्या रिलेच्या जागी लावला. टिक वाजलं, पंप गप्पच.

तेवढ्यात मुकुटबनकडे जाणारी काळीपिवळी जीप थांबली. आत माणसावर माणूस, तरी ड्रायव्हरनं मायसाठी जागा केली. मी म्हटलं, तू पुढं हो. ती हलली नाही.

"जा तुम्ही," ती ड्रायव्हरला म्हणाली. "माह्या पोरानं लायनीचंच कॉलेज केलं."

"मावशी, कॉलेज कॉलेजात. बसा न."

तिनं त्याच्याकडे असं पाहिलं, की त्यानं गियर टाकला. मी थांबा म्हणून हात केला तोवर जीप वळणापलीकडे गेली होती.

मागची सीट उचलली. पंपाचं कनेक्टर सोडवून टेस्ट लॅम्प लावला आणि मायला चावी फिरवायला सांगितलं. दिवा लख्ख पेटला. म्हणजे करंट येत होता, अर्थिंग बरोबर होतं, वायर कुठं तुटली नव्हती. पंपाची मोटरच गेली होती.

"सापडलं काय?"

"सापडलं."

"मंग कर चालू."

आता हिला काय सांगू? गाडीखाली शिरलो, जॅकच्या दांड्यानं टाकी ठोकली. अडकलेली मोटर कधी कधी हलते तशी हलली. गाडी सुरू झाली. मायनं पदर सावरला, समोर पाहत बसली. एक वळण गेलो आणि पुन्हा बंद. मग कितीही ठोकलं तरी काही नाही. एक ट्रक गेला, तोही उलट्या दिशेनं.

मामेभावाचा फोन आला. कुठवर आलात, लोक घाई करून राह्यले. मी म्हटलं, तिकडून गाडी पाठव. तो म्हणाला, पाठवतो, पण येऊन-जाऊन अंधार होईल. मायनं फोन माझ्या हातून घेतला. ऊन सागाच्या शेंड्यांवरच उरलं होतं.

"उचला," ती म्हणाली. "आन् तुह्या बापाच्या कानात सांग, बाई निंगाली होती."

मग तिनं चपला काढल्या आणि मुकुटबनकडे तोंड करून रस्त्याच्या कडेला बसली. मी बाजूला उभा. तिच्याजवळ बसू की नको, तेही मला कळेना.