मुकी माती

केजच्या अलीकडे, गावकुसाबाहेर आमची मोजकी ख्रिस्ती घरं होती. माझे सासरे मंडळीचे वडील, म्हणजे चर्चचे जाणते पुढारी. रविवारी चटया अंथरायच्या, गाणं धरायचं आणि पाद्रीसाहेब येईपर्यंत माणसं बसवून ठेवायची, एवढंच त्यांचं काम. बाप्तिस्मा, लग्न, भाकर-द्राक्षरसाचं प्रभुभोजन, मयताला माती देणं, सगळं साहेबांच्या हातून व्हायचं. साहेब घोड्यावरून यायचे. त्यांना उशीर झाला तर आम्ही वाट बघायचो. एका म्हातारीचं मयत तर दिवसभर उन्हात ठेवलं होतं.

मोठी लढाई पेटल्यावर साहेब आपल्या मुलखाला गेले. जाताना सासऱ्यांचे हात धरून म्हणाले, "आता मंडळी तुम्हीच सांभाळा." सासऱ्यांनी मान हलवली. घरी आल्यावर मात्र सासूला म्हणाले, "मी का पाद्री हाय? मला काय येतंय?"

दुसरा साहेब आला नाही. रविवारची गाणी चालू राहिली, पण प्रभुभोजन बंद पडलं. एक घर पुन्हा जुन्या देवीकडे, मरीआईकडे गेलं. त्या दिवशी सासरे नुसते दारात बसून राहिले.

लढाई संपायच्या सुमाराला मानमोडीचा ताप आला. काल पाणी भरताना दिसलेली बाई आज नसायची. आमच्या घरात आधी माझे मालक तापानं पडले, मग माझी लेक. नुकती बोलायला लागली होती. मालक कसेबसे वाचले, पण त्यांना उठवत नव्हतं. लेक भर दुपारी माझ्या मांडीवर गेली.

सासऱ्यांनी एकट्यानं खड्डा खणला. परत येऊन तिला घ्यायला हात पुढे केले. मी देईना.

"साहेबाला बोलवा," मी म्हणाले.

"कुठून बोलवू, पोरी? सायेब न्हाईत."

"मग तुमी बोला. माझ्या लेकराला मुकी माती देऊ नका."

लेकीला घेऊन आम्ही खड्ड्यापाशी गेलो. सासऱ्यांनी पागोटं काढून खाली ठेवलं आणि म्हणाले, "देवा, ही आमची पोर. तूच दिलीतीस. कावून नेलीस, मला ठावं न्हाई. मला साहेबावाणी बोलाया येत न्हाई. पर ही एकली निघालीय. अंधाराला लई भ्यायची. तिचा हात धर." पुढे त्यांना रडूच कोसळलं. 'आमेन' सासूनं म्हटलं. मला म्हणवलं नाही.

त्या रविवारी त्यांनी मला ज्वारीची भाकरी थापायला सांगितलं. "आज प्रभुभोजन करायचं."

मंडळीतला एक जण घाबरला. "दादा, आपल्याला हक्क हाय का?"

"लेकरू भुकेलं म्हंजी आई कुणाचा हुकूम मागती का रं?"

भाकरी थापताना मला देवाचा राग आला होता, सासऱ्यांचाही. तरी थापली. त्यांनी ती मोडली, गुळाच्या पाण्याचा पेला फिरवला. माझ्यापाशी आल्यावर तुकडा हातावर ठेवला आणि हळूच म्हणाले, "राग आला आसंल तर रागातच खा. त्याला चालतंय." मी खाल्ला. दुःख काही हललं नाही.

पुढे सासऱ्यांनाच तापानं धरलं. तेव्हाच मरीआईकडे गेलेल्या घरात मुलगा गेला. त्याचा बाप आमच्या दारात येऊन उभा राहिला, आत यायला धजेना. सासरे अंथरुणातून मला म्हणाले, "तू जा."

"मी काय बोलू?"

"जे हाय ते बोल."

मी गेले. त्या आईशेजारी बसले. ती म्हणाली, "कावून नेलं गं माजं लेकरू?" मी म्हणाले, "मला ठावं न्हाई. माजंबी नेलं." बराच वेळ आम्ही एकमेकींना धरून बसलो. मग मी आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्यांपुढे मोठ्यानं प्रार्थना केली. काय बोलले ते आठवत नाही. तिचा नवरा हात जोडून उभा होता एवढं आठवतं.

सासरे त्या तापातून उठले नाहीत. त्यांना माती देताना मालकांना बोलवेना. माणसं माझ्याकडे बघायला लागली. मी पदर डोक्यावर घेतला आणि पुढे झाले.