मामांच्या नाकासाठी बियर

आमच्या घरात मामांच्या नाकाला सगळे टरकून असायचे. मी शेजारी काय खाऊन आले, ते चपला काढायच्या आत मामा सांगून मोकळे. नाशिकच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवण्यात त्यांचा जन्म गेला, आणि निवृत्तीनंतर आजूबाजूच्या द्राक्षमळ्यांनी त्यांना वाईनचा नाद लावला. आई म्हणायची, "विहारात पाचवं शील, ते दारू न पिण्याचं, म्हणायची वेळ आली की तुझ्या मामाला नेमका खोकला येतो." मामी लवकर गेल्या, मग आईही गेली. मला माहेर म्हणून एवढे मामाच उरले, आणि तेही नाशिकच्या एका फ्लॅटमध्ये एकटे.

मी सिंगापूरला जुरोंग आयलंडवरच्या रिफायनरीत प्रोसेस इंजिनिअर आहे आणि सेंगकांगच्या घरी बियर बनवते. घरापुरती बनवायला इथे मुभा आहे. मामांना कळलं तेव्हा फोनवर म्हणाले, "बियर? ते घोड्याला पाजायचं. माणसं वाईन पितात." माझं डोकंच फिरलं. ते महिनाभर राहायला येणार हे ठरलं तेव्हा मी मनाशी पक्कं केलं, या माणसाला माझी बियर पाजायचीच आणि 'वा' म्हणायला लावायचंच.

पण कोणती? काळी, भाजक्या धान्याची बियर दिली असती तर म्हणाले असते कॉफी करपली. हॉप्सची फुलं भरपूर घातलेली कडू जात दिली असती तर म्हणाले असते काढा आहे. वाईन पिणाऱ्याला कडूपणा सोसत नाही, त्याला आंबटपणा लागतो, घसा कोरडा करणारा शेवट लागतो, आणि सगळ्यात आधी वास लागतो. शेवटी सेझॉन ठरवली. बेल्जियमच्या शेतावरची ही जुनी बियर, कोरडी, किंचित मिऱ्यासारखी झोंबणारी. हिचं यीस्ट गरमीत खूश असतं, म्हणजे सेंगकांगच्या उकाड्यात एसी लावून बसायची भानगड नाही. त्यात काळ्या द्राक्षांचा रस घातला. हाताशी दुसरं काही असावं म्हणून गव्हाचीही थोडी बनवली. नवरा म्हणाला, "मामा येताहेत की परीक्षक?"

मामा आले. बॅगेतून चिवड्याचा डबा काढून मला दिला. मी घास तोंडात टाकला आणि तसाच बेसिनमध्ये थुंकला, इतका खवट. म्हटलं प्रवासात झाला असेल. पण मामा दुपारभर तोच चिवडा चवीने खात बसले होते.

मग आम्ही त्यांना हौगांगच्या बाजारात घेऊन गेलो. ड्युरियन या काटेरी फळाचा हंगाम होता, फोडलेल्या फळांचा ढीग, आणि तो वास! नवीन माणूस तिथे नाकाला रुमाल लावतोच लावतो. मामा मात्र टपरीला अगदी खेटून उभे राहिले आणि म्हणाले, "फणसाच्या घरातलंच दिसतंय, नाही?" नवऱ्याने टाळी दिली, "मामा, तुम्ही तर एका दिवसात सिंगापूरकर झालात!" मीही हसले. पण हसताना एक शंका आली, आणि मी ती दाबून टाकली. ज्या माणसाला शेजारच्या घरातली मोहरी तडतडलेली कळायची, तो इथे नुसता बघत होता.

रविवारी दुपारी बियर चाखायचा कार्यक्रम केला. गव्हाची बिघडली होती. यीस्ट रुसलं की कधी कधी सडक्या अंड्यांचा वास येतो, तसा हिला येत होता, आणि थोडाथोडका नव्हे. ती ओतून द्यायची म्हणून बाटली सिंकजवळ ठेवली होती. मी ताटात काजू आणि चीज मांडत होते, तेवढ्यात नवऱ्याने नेमकी तीच उघडून मामांच्या ग्लासात ओतली. वास माझ्यापर्यंत आला. मी ओरडणार, तर मामांनी ग्लास उचललासुद्धा. गोल फिरवला, नाक आत घातलं, डोळे मिटले.

"काळी द्राक्षं," ते म्हणाले. "मागून थोडं मिरं. वा! पोरी, घोड्याचं पेय म्हणालो ते परत घेतो."

नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. त्याने तोंडावर हात धरला होता. मला आधी संताप आला. म्हटलं, माझी खोटी स्तुती करतात? मला काय लहान पोर समजतात? मग लक्षात आलं. काळी द्राक्षं घातल्याचं मीच सकाळी त्यांना सांगितलं होतं, मिऱ्याचंही. ते ऐकलेलं परत म्हणून दाखवत होते.

आमच्या कामात पहिल्याच दिवशी शिकवतात, सडक्या अंड्यांचा वास येतोय तोवर तुम्ही जिवंत आहात. तो यायचा थांबला तर विषारी गॅस गेला असं समजू नका, कदाचित नाक गेलंय. म्हणून आम्ही छातीवर गॅसचं यंत्र लावून फिरतो आणि नाकावर विश्वास ठेवत नाही. मी त्या गोल फिरणाऱ्या ग्लासकडे बघत होते आणि मला दिसत होतं नाशिकचं स्वयंपाकघर, ओट्याखालचा सिलिंडर, डासांसाठी सदा बंद खिडक्या.

"मामा, तुम्हाला वास येत नाही," मी म्हटलं.

"काहीतरीच काय."

"तुमच्या ग्लासात सडकी अंडी आहेत, मामा. अख्ख्या घराला वास सुटलाय."

त्यांनी ग्लास हळूच खाली ठेवला. मग म्हणाले, "ताप आला होता मागे. तेव्हापासून." डॉक्टरांनी सांगितलं होतं, येईल हळूहळू. आला नाही. कुणाला सांगितलं नाही, कारण मळ्यांवर वाईन चाखायला त्यांना मुद्दाम बोलावतात. "बाटलीवर लिहिलेलं असतं सगळं. वाचायचं आणि म्हणायचं. अजून कुणी पकडलं नाही." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तुझी चांगली बियर कशी आहे ते तरी सांग." मी सेझॉन आणली, हुंगली आणि सांगितलं. संत्र्याची साल, ओली माती, भिजवलेली काळी द्राक्षं. ते डोळे मिटून ऐकत एकेक घोट घेत होते. रडू आलं मला, लपवलं नाही.

त्या दिवसापासून मी हात धुवून मागे लागले, परत जाऊ नका. पण इथे लांब मुक्कामाचा पास आईवडिलांसाठी मागता येतो. मामाला कोण देतो? मामांनाही राहायचं नव्हतं. "माझं घर आहे, माझी माणसं आहेत. आणि तुमच्या लिफ्टमध्ये मला कोण ओळखतं?" भांडले मी. दार आपटलं. ते ऐकणारे नव्हते.

मग गॅस हुंगणारं यंत्र घेतलं, भिंतीच्या सॉकेटमध्ये लावायचं. सिलिंडरचा गॅस जड असतो, खाली बसतो, म्हणून खाली लावा, ओट्याजवळ, असं दहादा बजावलं. मामा चिडले, "मला शिकवतेस? अख्खं आयुष्य मी पोरांना हेच शिकवलं." विमानतळावर मान हलवून म्हणाले, लावतो बाई. आणि खरंच लावलं, फोटोही पाठवला.

पुढचे काही आठवडे बरे गेले. तरी बसमधून जुरोंग आयलंडला जाताना रोज एकदा वाटायचंच, आज फोन उचलतील ना?

एका रविवारी दुपारी मी व्हिडिओ कॉल लावला. मामा बाहेरच्या खोलीत खुर्चीवर, हातात वाईनचा ग्लास. मळ्यावरचे किस्से सांगत होते. मागे काहीतरी सारखं वाजत होतं. चिरका, एकसारखा आवाज.

"मामा, ते काय वाजतंय?"

"तुझं ते यंत्र गं. सकाळपासून डोकं उठवलंय. बिघडलं असेल. आता काढूनच टाकतो सॉकेटमधून."

"हात लावू नका!" मी इतक्या जोरात किंचाळले की नवरा आतून धावत आला. "कशालाच हात लावू नका. बटण नाही, दिवा नाही, शेगडी नाही. गॅस सुटलाय, मामा!"

"अगं, कशाला घाबरतेस? मी आत्ता स्वयंपाकघरात जाऊन आलो. वासबिस काही नाही."

मी काय ओरडले ते मला आठवत नाही. नवऱ्याने फोन हातात घेतला आणि शांतपणे सांगितलं, "मामा, उठा. दार उघडा. जिन्यात जा. शेजारच्यांना हाक मारा." पडद्यावर छत दिसलं, मग भिंत, मग जिन्याचा कठडा. शेजारचा माणूस नाकाला पंचा लावून आत धावला, आतून त्याच्या शिव्या आणि खिडक्या धाडधाड उघडल्याचं ऐकू आलं. रेग्युलेटरची नळी चिरली होती. एक ठिणगी पुरली असती.

मामा जिन्याच्या पायरीवर बसले होते. तोंडावरचा रंग उडालेला. फोन तोंडाजवळ आणून अगदी हळू आवाजात म्हणाले, "पोरी, मी खरंच हुंगून बघितलं होतं गं."