नकल्याचं रडणं

फर्निचरच्या त्या कारखान्याच्या जागी आता गाड्यांचं शोरूम झालंय. तरी नकल्या तिथून जाताना घटकाभर रेंगाळतोच. लाकडाच्या भुशाचा वास आता कुठून येणार? पण नाकाला कोण समजावणार!

काय दिवस होते ते! दुपारचा चहा आला की रंधे बाजूला पडायचे, मंडळी फळ्यांच्या थप्पीवर बसायची आणि ओरडायची, "होऊन जाऊ दे रे, नकल्या!" की हा सुरू. कुणाचं खोकणं, कुणाचं नाकात बोलणं. पण हुकमी एक्का म्हणजे मालकाचं रडगाणं. पगारवाढीचा विषय निघाला रे निघाला की मालक डोळ्यांना रुमाल लावायचा, "बुडालो रे बाबांनो!" नकल्या ते इतकं हुबेहूब करायचा की हसून हसून लोकांची मुरकुंडी वळायची. त्याचा त्याला रुबाबही वाटायचा, खोटं कशाला बोला? घरी बायको मात्र बजावायची, "इथं तुमच्याच आवाजात बोला हं."

ती गेली. काही दिवसांनी हा कामावर आला. चहाच्या वेळी कुणाला काय बोलावं ते सुचेना. शेवटी मिस्त्री म्हणाला, "कर की रे एखादी. तुलाही जरा बरं वाटेल." बिचाऱ्याच्या मनात काही वाईट नव्हतं.

नकल्यानं रुमाल काढला, "बुडालो रे" म्हणाला, आणि त्याला खरंच रडू कोसळलं. झालं! जो तो खो खो हसायला लागला. "वा रे पठ्ठ्या!" हा जितका हुंदके देई, तितके ते हसत. हे मालकाचं नाही, माझं आहे, हे सांगायला तोंडातून शब्द फुटेना. आपल्याला साधं रडताही येऊ नये?

पॉलिशवाल्या काकू ताडकन उठल्या. "गप्प बसा मेल्यांनो! मालक कधी असा रडलाय का? अरे, त्याची बायको गेलीय. तो रडतोय, तो!"

सगळ्यांचे चेहरे खर्रकन उतरले. मिस्त्री येऊन त्याला खेटून बसला.

त्यानंतर फर्माईश कुणी केली नाही. वाटलं तर नकल्या नक्कल करायचा, नाहीतर मुकाट्यानं चहा प्यायचा, आणि मंडळी त्याच्यासाठी तशीच सरकून जागा करायची. इतक्या माणसांत बसून गप्प राहायची ती मुभा त्याला पुढं कुठेच मिळाली नाही.