तात्या केस घेत नाहीत!

आमच्या कोर्टात निकालाला वर्षं लागतात, किस्सा मात्र चहा गार व्हायच्या आत तयार! माझ्याकडचे सगळे तात्यांचे. तात्या म्हणजे माझे सीनियर वकील. देवानं आणखी काही दिलं नसतं तरी चाललं असतं, असा माणूस दिला.

मी जळोचीची, भाजीपाला पिकवणाऱ्या घरातली. वडिलांनी, म्हणजे अप्पांनी, बजावलं होतं, "दोन वर्सं वकिली करून बघ. जम न्हाय बसला तर कोट काढायचा आन् लगीन करायचं." आणि मी गाठले कोण, तर आलेला पक्षकार परत पाठवणारे तात्या! मुदत संपत आलेली.

*

इंदापूरला समोरच्या वकिलानं साक्षीदार झाडाखाली तासभर पढवून आणला होता. गडी पिंजऱ्यात धडाधड सुरू झाला, "मी वरडलो, भावानं काठी उगारली, हितं डोळं पुसायचं..."

जजसाहेब म्हणाले, "मग पुसा!"

आम्ही जिंकलो. मी खुशीत विचारलं, "तात्या, आपण साक्षीदाराला काय शिकवायचं?" तर म्हणाले, "आत जायच्या आधी चहा पिऊ नको, मधेच बाहेर पळावं लागतं, एवढंच!"

*

पळसदेवचा एकजण चुलतीचं हक्क सोडल्याचं प्रतिज्ञापत्र घेऊन आला. चुलती अंथरुणाला खिळलेली, म्हणे. वकिलानं नुसतं 'मी यांना ओळखतो' म्हणून सही ठोकायची. सर्रास चालतं हो!

तात्यांनी स्कूटर काढली, मला मागं बसवलं, थेट पळसदेव! चुलतीबाई धरणाच्या काठावर मासळी निवडत बसलेल्या. म्हणाल्या, "मी खिळलीया? मग ही मासळी काय माझं भूत निवडतंय?"

तो पक्षकारही गेला. येताना मी सारखी मुदतच मोजत होते.

*

पुढची तारीख मागायची तर वकिलाला हमखास ताप येतो. तात्यांनी मात्र अर्जात सरळ लिहिलं, 'पुतण्याचं लग्न आहे, पंगतीला बसायचं आहे.'

जजसाहेब हसत म्हणाले, "चला, एक तरी वकील धडधाकट निघाला!" तारीख मिळाली.

*

आणि एक दिवस अप्पाच आले, केस घेऊन. शेजाऱ्याशी बांधाचा वाद. मला वाटलं, सुटले! घरचीच केस, आता तरी जम बसला म्हणतील.

तात्यांनी विचारलं, "अप्पा, बांध कुणी रेटला?"

"ट्रॅक्टरनं."

"कुणाच्या?"

"भाड्याचा व्हता."

"चालवत कोण होतं?"

अप्पा छताकडं बघायला लागले. तात्या म्हणाले, "मग ही केस शेजाऱ्याची आहे. मी नाही घेत."

अप्पा ताडकन उठले आणि समोरच्याच दुसऱ्या वकिलाकडं गेले. तिथं ऐकायला मिळालं, "शंभर टक्के आपलीच केस!" रात्री जेवताना मला रडूच फुटलं. संपली माझी वकिली!

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात पोचते, तर अप्पा हजर. पायाला ओली माती. मला न्यायलाच आले, असं समजून मी कोट काढून ठेवला.

"तात्या, सकाळी बांध मागं घेतला," अप्पा म्हणाले. "त्या वकिलानं मला इचारलंसुदा न्हाय, ट्रॅक्टर कोण चालवत व्हतं!"

मग माझ्यावर खेकसले, "तू काय बघत हुबी ऱ्हायलीस? कोट घाल, पक्षकार यायची येळ झाली!"