टाचणीबाईंचा डी ड्राइव्ह

गल्लीत तिला सगळे टाचणी म्हणत. धंदा भरतकामाचा, पण नाव पडलं ते टोचऱ्या जिभेमुळे आणि संशयी स्वभावामुळे. भाजी घेताना ती आधी तराजू उलटा करून बघायची. नवरा होता तोवर त्याचेही खिसे रोज तपासायची. "काही सापडलं नाही की तिला जास्तच संशय येतो," असं तो हसून सांगे.

कामाला मात्र चोख. कंप्युटरवर अक्षरं, बिल्ले, वेलबुट्टी टाक्याटाक्यानं मांडायची आणि मग मशीनला द्यायची. कापड जरा चुणलं की पुन्हा पहिल्यापासून. एकेका बिल्ल्यापायी पाठ मोडून निघे. अनेक वर्षांची ही मेहनत लॅपटॉपच्या डी ड्राइव्हवर होती, आणि एका दुपारी डी ड्राइव्हच दिसेना.

लॅपटॉप नेहमीसारखा सुरू झाला. सी जागेवर, डी गायब. इस्पितळाच्या कोटांचं काम शनिवारी द्यायचं होतं. नव्या कोटांवरचा बिल्ला जुन्याशी टाक्याला टाका जुळला नाही तर काम दुसरीकडे जाणार, आणि तिचं पोट त्याच कामावर.

"बिघडला असता तर सुरूच झाला नसता," ती धाकट्या जावेला म्हणाली. "सुरू होतो आणि नेमका माझाच माल नाही? ही चोरी आहे, चोरी."

चोर कोण, हे तिनं ठरवूनच टाकलं होतं. महिन्यापूर्वी आतल्या पंख्यात अडकलेले धागे काढायला लॅपटॉप कोपऱ्यावरच्या कंप्युटर मेकॅनिककडे गेला होता. घरी आणल्यावर तिनं तो पालथा घालून एकेक स्क्रू काढून पाहिला. बाकीचे लांब, मधला एक आखूड. चांगला ठेवून घेऊन हलका मारला, हे तिनं तेव्हाच ओळखलं. दिराच्या मोडक्या लॅपटॉपचा लांब स्क्रू काढून तिथे गच्च पिळला आणि कुणाला काही बोलली नाही. आज स्क्रू नेला, उद्या अख्खी पेटी नेईल, एवढं मात्र मनात धरून ठेवलं.

आता मन मोकळं करायला हरकत नव्हती. त्या संध्याकाळी तिनं इस्त्रीवाल्याला सांगितलं, "त्या मेकॅनिककडे काही देऊ नकोस. आतलं काढून घेतो." दुसऱ्या दिवशी सकाळी साक्षीला म्हणून जावेला घेऊन ती दुकानात गेली.

मेकॅनिकनं लॅपटॉप चालू केला आणि विंडोज यायच्या आतच एक बटण दाबून वेगळाच पडदा आणला. "काकू, इथे मशीन स्वतःच्या डिस्क मोजतं. एकच दिसतेय. दुसरी नाही."

"दुसरी? यात दोन आहेत?"

"दोन. छोटी चपळ आहे, तिच्यावर विंडोज. मोठीवर तुमचं काम. म्हणून तर लॅपटॉप सुरू होतो."

"मला कुणी दोन सांगितल्या नव्हत्या. तुला बरं ठाऊक कुठली गेली ती!"

"ताई, त्यांना उघडू तरी द्या," जाऊ म्हणाली.

"उघड. पण इथेच, माझ्या डोळ्यांसमोर. बाह्या वर कर."

"अर्ध्या बाह्यांचाच शर्ट आहे, काकू."

"तरी कर."

त्यानं बाह्या खांद्यापर्यंत सरकवल्या आणि झाकण काढलं. मोठी डिस्क जागच्या जागी होती. टाचणीला लगेच वाटलं, ही बदललेली असणार. त्यानं डिस्क सोडवून एका डबीत बसवली आणि दुकानाच्या कंप्युटरला जोडली. पडद्यावर फोल्डर उमटले. इस्पितळ, शाळा, हॉटेल, सगळं. तिनं इस्पितळाचा बिल्ला उघडायला लावला, टाके मोजले, मग दुसरा उघडायला लावला.

"डिस्क ठणठणीत आहे," तो म्हणाला. "घोटाळा वाटेत झालाय." डिस्क बोर्डाला जोडणारी कागदासारखी पातळ पट्टी त्यानं उजेडात धरली. मध्ये गोल खड्डा, आतली तार तुटलेली. झाकण वर टेकवून पाहिलं तर खड्डा बरोबर मधल्या स्क्रूखाली. "हा स्क्रू माझा नव्हे. इथे आखूडच लागतो, खालून पट्टी जाते. लांब लावला तर महिनाभर दाबून दाबून मारतो. कुणी उघडला होता?"

जावेला काही ठाऊक नव्हतं. टाचणीनं नाही म्हटलं असतं तरी खपून गेलं असतं.

"मी," टाचणी म्हणाली. "वाटलं, चांगला तू ठेवून घेतलास."

"काकू, चोरायचंच तर स्क्रू चोरेन का मी? डिस्क नाही का नेणार?"

"तेही वाटलं होतंच."

जाऊ हसता हसता स्टुलावर बसली. मेकॅनिक हसला नाही. "इस्त्रीवाल्याचा कंप्युटर आज यायचा होता माझ्याकडे. नको म्हणून फोन आला. का, ते आता कळलं." मग नेहमीच्या आवाजात म्हणाला, "पट्टी मागवतो. तोवर डबी बाहेरून जोडा, काम अडणार नाही."

टाचणीनं डबी आणि लॅपटॉप जावेच्या हातात दिले. "घरी जा. मशीनवर धागा चढवून ठेव." आणि स्वतः उलट्या दिशेला वळली.

"सापडला का चोर?" इस्त्रीवाल्यानं इस्त्री थांबवून विचारलं.

"चोरी नव्हतीच. मीच बिघडवला होता. उचल तुझा कंप्युटर आणि चल त्याच्याकडे."

"आत्ता? निखारे विझतील."

"विझू देत. मी येते बरोबर, नजर ठेवायला."

"त्याच्यावर?"

"तुझ्यावर," टाचणी म्हणाली. "घरी आणल्यावर स्क्रू मोजत बसशील."