दाराबाहेरचा पोलीस

कामरगावात एका निवृत्त अंगणवाडी सेविकेला दिवाळीनंतरच्या मंगळवारी, भरदिवसा, तिच्याच घरात कैद केलं होतं. कुलूप नाही, बेड्या नाहीत, फक्त मोबाईल. मी तेव्हा तिथल्या पोलीस ठाण्यात होतो.

खबर शेजारच्या किराणा दुकानदाराने दिली. ‘साहेब, काकू सकाळपासून दार उघडून नाही राह्यल्या. आत कोनी तरी हिंदीत धमकावून राह्यलं.’ स्टेशन डायरीला नोंद झाली आणि मी हवालदाराला घेऊन निघालो.

हवालदाराने सवयीने दारावर काठी आपटली. ‘पोलीस! दार उघडा!’

आतून काकूंचा आवाज आला. ‘मले मालूम होतं. साहेबांनी सांगतलंच होतं, नकली पोलीस येतीन म्हनून.’

साहेब म्हणजे फोनवरचा चोर. नंतर जबाबात सगळं आलं. सकाळी मेसेज : तुमच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले, या नंबरवर बोला. बोलली, तर व्हिडिओवर खाकी वर्दी. कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही. कोणाला सांगितलं तर पुण्यातला मुलगा आत. आता तो बँकेतली ठेव ‘तपासणीसाठी’ पाठवायला सांगत होता.

चौकशी सुरू झाली, पण माझीच. खिडकीच्या फटीतून ओळखपत्र दाखवलं.

‘त्यानंबी दाखवलं.’

‘ही वर्दी पाहा.’

‘त्याच्याबी आंगावर हाये.’

माझ्याकडे जे होतं ते सगळं त्या हरामखोराकडे होतं. आतून आवाज चढला, ‘जल्दी करो, माताजी!’ हवालदार दार तोडायला निघाला. मी अडवलं. धक्का बसताच तिने ठेव पाठवून टाकली असती.

मी पायरीवर बसलो. ‘काकू, माह्यावर भरोसा ठेवू नका. दारबी उघडू नका. फक्त गल्लीले हाक मारा. तो म्हनते कोनाले सांगू नका. मी म्हनतो, साऱ्याईले सांगा.’

मग खिडकी उघडली. ‘दुकानवाले भाऊ... या न इकडं.’

दुकानदार ओरडतच आला, ‘खरे हायेत हो काकू! टेम्पो रस्त्यात लावला म्हनून मले यायनंच दंड ठोकला होता!’

कडी निघाली. फोनवरच्या वर्दीने मला पाहिलं आणि पडदा काळा झाला. ठेव वाचली. चोर अजून मोकळाच आहे.

काकूंनी माझ्यापुढे हात जोडले. ‘साहेब, माह्या पोराले नाही ना नेनार?’

मला विचारलं. मला! इतकी वर्षं आम्ही दारावर काठ्या आपटल्या, म्हणून त्या चोराचं काम इतकं सोपं झालं.

वाचलंत ना? मग नुसता मेसेज पुढे ढकलू नका. आत्ता आईला फोन लावा आणि तोंडाने सांगा : पोलीस फोनवर अटक करत नाहीत, आणि कोणी ‘कोणाला सांगू नका’ म्हटलं तर आधी शेजाऱ्याला हाक मार. लावा फोन.