‘माळी’च्या जागी ‘मी’

“आता कर्ता बदल,” बाई म्हणाल्या. “‘माळी’ काढ, तिथं ‘आय’ घाल.”

मी उभी होते. सगळा वर्ग वळून माझ्याकडे बघत होता. फळ्यावर बाईंच्या सुरेख अक्षरात वाक्य होतं. माळीज आर प्रोन टू स्टीलिंग. माळ्यांचा चोरीकडे कल असतो.

मी कर्ता बदलला. कर्ता बदलला की क्रियापद बदलतं, तेही बदललं. आय ॲम प्रोन टू स्टीलिंग.

“करेक्ट. बस.”

मागच्या बाकांवर खुसखुस झाली. मी बसले. वाक्य बिनचूक आलं म्हणून क्षणभर मला बरं वाटलं होतं. ते बरं वाटणं अजून सलतं.

अमरावतीची मुलींची शाळा होती. राज्य इंग्रजांचं, वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेला. वर्गात वकिलांच्या, मामलेदारांच्या, सावकारांच्या मुली. माळ्याची मी एकटी. माझ्या बाबांचा अकोल्याबाहेर फुलांचा मळा होता. मी राजापेठेत मामाकडे राहून शिकत होते. मामा भाजी विकायचा.

इंग्रजीच्या बाई पुण्याकडच्या. शिकवायच्या छान. मला त्या आवडायच्या, हेही सांगायला हवं. त्या आठवड्यात त्या असे शब्द शिकवत होत्या, जे घडलेलं सांगत नाहीत, नुसता कल सांगतात. लोखंड लाएबल टू रस्ट असतं, म्हणजे गंजू शकतं. लहान मुलं ॲप्ट टू फॉल असतात, पडू शकतात. कोणी सर्दीला ससेप्टिबल असतं, त्याला ती पटकन होऊ शकते. मला मोठी गंमत वाटली. काही झालेलं नाही, तरी सांगता येतं!

मग एका मुलीनं विचारलं, हे शब्द माणसांच्या जातीला लावता येतात का. बाईंना त्यांच्या माहेरचा माळी आठवला. तो झाडावरचे आंबे पळवायचा म्हणे. माळी एकच होता. फळ्यावर लिहिताना त्याचं अनेकवचन झालं. आणि सरावाला कोणीतरी उभं करायचं म्हणून बाईंनी मला उभं केलं. “हिला चांगलं जमेल,” म्हणाल्या. मायेनं म्हणाल्या.

आमच्याकडेही लोक जात काढतात. पण ती शिवी असते. शिवी देणाऱ्याला उलटून शिवी देता येते. ही शिवी नव्हती. हे व्याकरण होतं. व्याकरणाला उलटून काय बोलणार?

त्या दिवसापासून मी जवळून गेले की मुली डब्यावर हात ठेवायच्या. हसायच्या. मीही हसायची. काय करणार होते?

दिवाळीच्या सुट्टीत अकोल्याला आले. सुट्टी संपली की तोंडी परीक्षा होती आणि त्यात हीच वाक्यं होती. मी बाबांशेजारी बसून शेवंतीचे हार ओवायची आणि पाठ म्हणायची. लोखंडाचं, लहान मुलांचं आणि तेही. सगळ्यात जास्त तेच, कारण तिथंच जीभ अडखळायची. बाबांना अक्षरओळख नव्हती. पण भजन एकदा कानावर पडलं की त्यांच्या तोंडी बसायचं. ते ऐकत होते. मला कळलंच नाही.

पाडव्याला आम्ही जठारपेठेत एका वकिलांच्या बंगल्यावर हार घेऊन गेलो. बाबा तिथं वर्षानुवर्षं फुलं पोचवायचे. व्हरांड्यात पाहुण्यांचं फराळपाणी चाललं होतं. वकिलांनी विचारलं, पोरगी शिकते का अजून? बाबांनी हात जोडले.

“शिकते साहेब. तिचं आयकून आयकून मले बी इंग्रजी याले लागली.”

आणि ते ताठ उभे राहिले. खांद्यावरचा शेला नीट केला. खणखणीत आवाजात म्हणाले, “आय याम परोन टू स्टीलिंग.”

सगळा व्हरांडा हसला. वकिलांच्या डोळ्यांत पाणी आलं हसून.

“पुन्हा म्हण रे. पाहुण्यांना नीट ऐकू आलं नाही.”

बाबांनी पुन्हा म्हटलं. आणखी मोठ्यानं. एक पाहुणा म्हणाला की हा तर कबुलीजबाब झाला, आता साक्षीपुराव्याची गरजच नाही. बाबाही हसले. त्यांना वाटलं लोक खूश झाले. आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. बरोबर म्हटलं ना, एवढंच विचारणारी ती नजर.

मला लाज वाटली. पहिल्यांदा बाबांची वाटली. त्यांच्या धोतराची, त्यांच्या ‘याम’ची. मग कळलं, लाज चुकीच्या माणसाची वाटून राहिली. बाबांच्या तोंडी ते वाक्य माझ्या तोंडातून गेलं होतं. आणि माझ्या तोंडात ते एका शिकलेल्या बाईनं घातलं होतं, जिला मी गुरू मानत होते.

वकील आतल्या बायकांना हाक मारायला उठले. त्यांनाही ऐकवायचं होतं.

“बाबा, म्हनू नका आता,” मी म्हणाले.

“काहून?”

“मले चोरीची खोड हाय, असा त्याचा अर्थ हाय.”

बाबांचं तोंड उघडंच राहिलं. मग मिटलं. त्यांनी कोणाकडे पाहिलं नाही. खाली टोपलीकडे पाहत राहिले.

वकील म्हणाले, गंमत चालली होती, एवढं काय त्यात. आणि वाक्य तर तुझंच आहे.

मी विचारलं, “माझ्या बाबांनी तुमचं काय चोरलं?”

ते हसायला गेले.

“सांगा ना. काय चोरलं, अन् कधी?”

सांगण्यासारखं काही नव्हतंच. बाबांनी हारांची भरलेली टोपली उचलली आणि पायऱ्या उतरले. मी त्यांच्यामागे. पाडव्याचे हार त्या बंगल्यात गेले नाहीत. पुढे कधीच गेले नाहीत.

वाटेत बाबांनी विचारलं, “हे तुले शाळेत म्हनाले लावलं?”

“हो.”

“अन् तू म्हनलं?”

“हो.”

बाबा टोपली घेऊन पुढे चालू लागले. मारलं असतं तर सोसलं असतं. ते गप्प चालणं सोसवेना.

सुट्टी संपली. तोंडी परीक्षेला इंग्रजीच्या बाई होत्या आणि शेजारी मोठ्या बाई. लोखंडाचं वाक्य विचारलं, सांगितलं. मग बाई म्हणाल्या, आता ते तुझं वाक्य म्हण.

“ते माझं नाही. म्हणणार नाही.”

बाईंना खरंच नवल वाटलं. म्हणाल्या, “अगं, हे नुसतं व्याकरण आहे. मनाला काय लावून घेतेस?”

“मग ‘माळी’च्या जागी तुमचं आडनाव घालते, बाई. व्याकरण तेच राहील.”

बाईंचा चेहरा पांढरा पडला. मोठ्या बाईंनी मला बाहेर काढलं. माफी मागितल्याशिवाय वर्गात पाय ठेवायचा नाही, असा हुकूम झाला. मामा हात जोडून शाळेत जाऊन आला. मामी रडली. सगळे म्हणाले, दोन शब्द तर म्हणायचे आहेत. मी म्हणाले, दोन शब्दच म्हटले होते मागच्या वेळी. माफी मागितली नाही. वर्ष बुडलं. पुढे अकोल्याला बाहेरून परीक्षेला बसले, पास झाले, शिक्षिका झाले.

लाज गेली म्हणून सांगू? गेली नाही. आजही कोणाच्या घरी काही हरवलं की माझे हात आपोआप पदराबाहेर येतात. दुकानात उभी राहिले तर तळवे दिसतील असे ठेवते. कोणी मागितलेलं नसतं. तरी झडती देते. एक वाक्य माणसाच्या हातापायांत असं मुरतं.

हात कधी सुधारतील, माहीत नाही. तोंडाचं मात्र मी ठरवून टाकलंय. माझ्यादेखत कोणी, कुठल्याही भाषेत, कितीही गोड आवाजात म्हणालं की ते लोक असेच असतात, तर मी विचारते. कोण? कधी? काय केलं? समोर साहेब असो, सगा असो, अन्न वाढणारा असो. उत्तर मिळेपर्यंत मी विषय बदलू देत नाही. पंगत मोडली तर मोडू दे.